दोर धरणारा हात महत्त्वाचा, पण हातातलं यंत्र कोणतं? बिले डिव्हाइस निवडताना काय बघावं

पावसाळा ओसरून कातळ वाळला की सीमाभागातल्या गिर्यारोहकांची पावलं दोन दिशांना वळतात. काहींची बदामीच्या लालसर दगडाकडे, काहींची सह्याद्रीतल्या सुळक्यांकडे. बेळगावहून बदामी दीडशेएक किलोमीटर. शनिवारी पहाटे निघालं तर उन्हं चढायच्या आत दोराला हात लावता येतो. हैदराबादकरांना भोंगीरचा कातळ जवळ, बडोदेकरांना माउंट अबू. सामानही आता घरपोच मिळतं. बूट झाले, हार्नेस झाला, हेल्मेट झालं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: बिले डिव्हाइस कोणतं घ्यायचं?

वस्तू तळहातावर मावणारी, पण प्रश्न छोटा नाही. वर चढणाऱ्याचा हात सुटला तर त्याला जमिनीवर आदळण्यापासून वाचवतो तो दोर, तो दोर अडवणारं हे यंत्र आणि यंत्रामागचा माणसाचा हात. दुकानात जाऊन "सगळ्यात चांगलं कोणतं?" असं विचारलं तर नाव मिळेल, उत्तर मिळणार नाही. कारण एकाच्या कामाचं डिव्हाइस दुसऱ्याच्या हातात अडचणीचं, प्रसंगी धोक्याचं ठरतं. दोर कोणता, चढायचं कुठे आणि धरणारा कोण, या तीन गोष्टी आधी ठरल्या की निवड बरीच सोपी होते.

बिले म्हणजे नेमकं काय?

प्रस्तरारोहणात चढणारा एकटा नसतो. त्याच्या कमरेच्या दोराचं दुसरं टोक खाली उभ्या असलेल्या जोडीदाराकडे असतं. चढणारा वर सरकेल तसा दोर सोडायचा, तो थांबला तर ताणून धरायचा, पडला तर अडवायचा आणि शेवटी त्याला सावकाश खाली उतरवायचं, या सगळ्या कामाला बिले देणं म्हणतात.

हे काम नुसत्या हाताने का होत नाही? घट्ट मूठ आवळली तरी निसटता दोर हाताने साधारण पंचवीस-तीस किलोंच्या ओढीपर्यंतच रोखता येतो. लीड क्लाइंबिंगमध्ये, म्हणजे खालून वर दोर नेत बोल्टमध्ये अडकवत चढताना, माणूस पडला तर बिले देणाऱ्याच्या बाजूला शंभर-दोनशे किलोंच्या घरातला झटका सहज येतो. डिव्हाइस हा फरक भरून काढतं. दोराला त्यात तीव्र वळण मिळतं, घर्षण वाढतं आणि हाताची छोटी पकड मोठी होते.

म्हणजे डिव्हाइस हाताची ताकद वाढवतं, हाताची जागा घेत नाही. हात शून्य असेल तर साध्या डिव्हाइसमध्ये त्याची वाढही शून्यच.

कमरेपासून ग्रीग्रीपर्यंत

पूर्वी दोर कमरेभोवती किंवा खांद्यावरून घेऊन बिले दिला जायचा. सह्याद्रीतल्या जुन्या पिढीच्या अनेक चढाया अशाच झाल्या. पडणारा वाचायचा, पण धरणाऱ्याच्या तळहाताची आणि पाठीची सालं निघायची. १९७०च्या सुमारास जर्मनीच्या फ्रिट्झ स्टिख्ट यांनी खाचा असलेली धातूची छोटी चकती आणली आणि घर्षणाचं काम माणसाच्या अंगावरून धातूवर गेलं. त्याच चकतीतून पुढे आजचं ट्यूब आलं. १९९१मध्ये फ्रान्सच्या पेट्झल कंपनीने ग्रीग्री बाजारात आणलं आणि दोर आपोआप चिमटीत धरणाऱ्या यंत्रांचा जमाना सुरू झाला.

आज बाजारात मुख्यतः चार प्रकार दिसतात.

१. ट्यूब

दोन खाचांचा, मागे तारेची कडी असलेला ॲल्युमिनियमचा छोटा तुकडा. ब्लॅक डायमंडचं एटीसी इतकं रुळलं की आपल्याकडे कोणत्याही कंपनीच्या ट्यूबला सर्रास एटीसीच म्हणतात. नावाचा विस्तार गमतीचा आहे: एअर ट्रॅफिक कंट्रोलर. पेट्झलचं वर्सोही याच जातीचं.

ट्यूब हलकं, स्वस्त आणि समजायला सोपं. आत फिरणारा एकही भाग नाही, त्यामुळे बिघडायला काही नाही. दोर भरभर सोडता येतो. दोन दोर एकत्र घालून रॅपलिंगही करता येतं. डावखुऱ्यांनाही अडचण नाही, कारण दोन्ही बाजू सारख्या. ट्यूब घेताना एका बाजूला दातेरी खाच असलेलं घ्यावं. ब्रेकचा दोर त्या खाचेत बसला की पकड वाढते आणि बारीक दोरावर हा फरक चांगलाच जाणवतो. ट्यूब उलटं लावलं तर खाच वरच्या दोराच्या बाजूला जाते आणि ही जादा पकड हरवते.

मर्यादा एकच, पण मोठी: ट्यूब स्वतःहून काहीच थांबवत नाही. डोक्यावर दगड लागून बिले देणारा कोसळला, पाय घसरला, मधमाश्या उठल्या, कोणत्याही कारणाने हात सुटला तर दोरही सुटला.

२. गाइड ट्यूब

दिसायला ट्यूबच, पण वरच्या बाजूला एक जादा भोक असतं. पेट्झलचं रिव्हर्सो, ब्लॅक डायमंडचं एटीसी गाइड, डीएमएमचं पिव्हट ही परिचित नावं. हे जादा भोक वापरून डिव्हाइस थेट अँकरला टांगता येतं. मग वर पोचलेला आरोहक खालच्या जोडीदाराला वर घेताना दोर ओढत राहतो आणि जोडीदार लटकला की दोर दोराखाली दाबला जाऊन अडकतो. अनेक टप्प्यांच्या चढाईत याच्याइतकं सोयीचं काही नाही.

मात्र असा वजनाखाली अडकलेला दोर पुन्हा सोडवून जोडीदाराला खाली उतरवणं हे वेगळं तंत्र आहे. ते जमिनीजवळ, जाणकारासमोर शिकल्याशिवाय कड्यावर करून बघू नये.

३. ब्रेकला मदत करणारी डिव्हाइस

या गटात दोन उपप्रकार येतात. पहिला ग्रीग्रीसारख्या यंत्रांचा. आत एक फिरती कॅम असते. दोर हळू सरकला तर जाऊ देते, झटक्याने ओढला गेला तर फिरून दोर दाबून धरते. गाडीचा सीटबेल्ट सावकाश ओढला तर येतो आणि हिसका दिला तर अडतो, तसाच हा प्रकार. उतरवण्यासाठी एक दांडी असते. ग्रीग्री प्लस या आवृत्तीत घाबरून दांडी पूर्ण खेचली गेली तर उतरणं थांबवणारी सोय आहे.

दुसऱ्या उपप्रकारात फिरता भाग नसतो. मामुटचं स्मार्ट, एडेलरिडची जुल मालिका, ब्लॅक डायमंडचं एटीसी पायलट ही उदाहरणं. झटका बसला की कॅराबिनर पुढे सरकून डिव्हाइसवर दोर चिमटतो. वजन कमी, किंमत ग्रीग्रीपेक्षा कमी आणि दोर देण्याची पद्धत ट्यूबच्या जवळची. मात्र कॅराबिनरचा आकार बदलला की पकडही बदलते, म्हणून कंपनीने सांगितलेलाच कॅराबिनर वापरावा लागतो.

सपोर्ट म्हणून हा गट खरोखर मोलाचा आहे. बोल्ट मारलेल्या मार्गांवर आणि कृत्रिम भिंतींवर ट्यूबऐवजी अशी डिव्हाइस वापरावीत, अशी जर्मन अल्पाइन क्लबसारख्या मोठ्या संस्थेचीही शिफारस आहे. कारण साधं आहे: माणूस चुकतो आणि चुकीच्या क्षणी दुसरी फळी असली तर जीव वाचू शकतो.

४. फिगर एट

इंग्रजी आठच्या आकाराची ही कडी आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक ट्रेकिंग ग्रुपच्या पोत्यात सापडते, कारण रॅपलिंगला ती वर्षानुवर्षं वापरात आहे. उतरायला ती ठीकच. अडचण होते ती "आहेच हाताशी, तर बिलेही यावरच देऊ" या सवयीने. नेहमीच्या पद्धतीने लावलेल्या फिगर एटमध्ये घर्षण ट्यूबपेक्षा कमी, म्हणजे पडणाऱ्याला रोखायला हाताची ताकद जास्त लागते. शिवाय दोराला पीळ पडतो. लीड चढणाऱ्याच्या बिलेसाठी आज तरी फिगर एट नको.

यांच्या जोडीला एक बिनपैशाचा पर्याय माहीत असावा: मुंटर हिच. स्विस गिर्यारोहक वेर्नर मुंटर यांच्या नावाने ओळखली जाणारी ही गाठ पेरच्या आकाराच्या मोठ्या लॉकिंग कॅराबिनरवर मारली की बिले देता येतो, उतरताही येतं. दोराला पीळ पडतो, म्हणून रोजच्या वापराची नाही. पण टप्प्यावर उभं असताना डिव्हाइस हातातून निसटून दरीत गेलं, तर हीच गाठ खाली आणते. डिव्हाइस कोणतंही घेतलं तरी ही गाठ यायलाच हवी.

आधी दोर बघा

प्रत्येक डिव्हाइसवर दोराच्या जाडीची मर्यादा कोरलेली असते. निवडीतली पहिली चाळणी हीच. २०१९पासूनचं ग्रीग्री ८.५ ते ११ मिलिमीटरच्या दोरासाठी आहे. २०११मध्ये आलेल्या ग्रीग्री २ची मर्यादा ८.९पासून सुरू होते. त्याआधीचं पहिलं ग्रीग्री तर दहा-अकरा मिलिमीटरच्या जाड दोराच्या काळातलं. कुणा दादाने कौतुकाने दिलेल्या जुन्या ग्रीग्रीमध्ये नवा, गुळगुळीत, ९.२चा दोर घातला तर कॅम वेळेवर पकडेल याची खात्री देता येत नाही.

उलट बाजूही आहे. क्लबचा जुना, साडेदहाचा, धुळीने फुगलेला, केस निघालेला दोर ग्रीग्रीत अडखळत सरकतो. चढणारा वरून "दोर दे" म्हणून ओरडतो, खालचा खेचत राहतो आणि वैतागून कॅमवर अंगठा दाबून धरतो. नेमका तेव्हाच वरचा पडला तर यंत्र असून नसल्यासारखं. अशा दोरावर ट्यूब जास्त सरळ चालतं.

दोराबद्दल आणखी एक गोष्ट. लीडसाठी डायनॅमिक दोरच लागतो. तो ताणला जातो आणि झटका शोषतो. रॅपलिंगचा स्टॅटिक दोर ताणत नाही. त्यावर लीड करताना पडलं तर सगळा झटका कंबर, अँकर आणि डिव्हाइसवर जातो. डिव्हाइस कितीही महागाचं असलं तरी ही चूक ते झाकू शकत नाही.

बदामी वेगळी, लिंगाणा वेगळा

बदामीतले बहुतेक मार्ग वालुकाश्मावरचे, बोल्ट मारलेले आणि एका दोरात संपणारे. चढणारा एकच हालचाल पुन्हा पुन्हा करून बघतो, पडतो, दोरावर बसून राहतो, परत सुरुवात करतो. खालच्याला दिवसभर वजन धरून उभं राहायचं असतं. इथे ग्रीग्रीसारखं डिव्हाइस खरं उपयोगी पडतं. हाताला आराम मिळतो आणि दुपारच्या उन्हात लक्ष जरा हललं तरी एक जादा फळी राहते.

सह्याद्रीचं गणित निराळं. लिंगाणा असो, तेलबैल असो, नागफणी असो, चढाई टप्प्याटप्प्याने होते. वर पोचलेल्याला जोडीदार वर घ्यायचा असतो आणि उतरताना दोन पदरी दोरावरून रॅपलिंग करायचं असतं. ग्रीग्री एकाच दोरावर चालतं, दुपदरी दोरावर नेहमीचं रॅपलिंग त्यावर होत नाही. इथे गाइड ट्यूबच सोयीचं. शिवाय बेसॉल्टच्या भेगेत ठोकलेल्या मेखा किंवा जुने बोल्ट किती भरवशाचे, हा प्रश्न असतोच. कॅमचं डिव्हाइस दोर जवळजवळ जागीच थांबवतं, ट्यूबमध्ये तो थोडा सरकून थांबतो. त्या सरकण्याने वरच्या मेखेवरचा झटका काहीसा कमी होतो. आणि वरच्या मेखेवर दुहेरी भार येतो हे विसरू नये: पडणाऱ्याची ओढ एका बाजूने, धरणाऱ्याची दुसऱ्या बाजूने.

बंगळुरूजवळच्या सावनदुर्गच्या ग्रॅनाइटवरच्या लांब मार्गांनाही हाच नियम लागू. हंपीला निघालेल्यांनी मात्र डिव्हाइसचा विचार बाजूलाच ठेवावा. तिथली ख्याती बोल्डरिंगची. दोर नाही, खाली जाड गादी आणि सावरणारे मित्र.

धरणारा कोण?

जोडीदारांच्या वजनातला फरक हा अनेकदा न बोलला जाणारा मुद्दा. पंचाऐंशी किलोचा चढणारा आणि पन्नास किलोचा धरणारा अशी जोडी असेल, तर पडण्याच्या क्षणी धरणारा जमिनीवरून उचलला जातो, कातळावर आपटतो किंवा पहिल्या क्विकड्रॉपर्यंत ओढला जातो. डिव्हाइस त्या क्विकड्रॉला जाऊन भिडलं तर कॅम सैल होण्याचाही धोका असतो. म्हणजे हा प्रश्न ग्रीग्री घेऊन सुटत नाही. जोडी बदलणं हा सगळ्यात सोपा उपाय. ते शक्य नसेल तर धरणाऱ्याला जमिनीवर अँकर करावं, किंवा पहिल्या बोल्टला लावायचं एडेलरिडचं ओम वापरावं. झटका बसला की ते दोरावर घर्षण वाढवतं.

डावखुऱ्यांसाठी सूचना: ग्रीग्री उजव्या हाताने ब्रेक धरण्यासाठी घडवलेलं आहे. डावखुऱ्यांना उजव्या हाताची सवय करावी लागते किंवा कंपनीने दाखवलेली वेगळी पद्धत शिकावी लागते. ते नको असेल तर दोन्ही बाजूंनी सारखं चालणारं डिव्हाइस घ्यावं.

हात मऊ असतील तर चामड्याचे हातमोजे वापरण्यात कमीपणा नाही. दोर सर्रकन सरकला की तळहात भाजतो आणि भाजलेला हात दोर सोडतो. धरणाऱ्याने हेल्मेटही घालावं, कारण वरून येणारा दगड चढणारा आणि धरणारा असा भेद करत नाही.

ग्रीग्री म्हणजे ताईत नव्हे

गंमत अशी की फ्रेंचमध्ये ग्रीग्री या शब्दाचा अर्थच ताईत. आणि अनेक जण ते ताईतासारखंच वापरतात: एकदा लावलं की काळजी नको. त्यातूनच ठरावीक चुका होतात.

पहिली चूक, दोर उलटा घालणं. डिव्हाइसवर चढणाऱ्याचं आणि हाताचं चित्र कोरलेलं असतं. तरी गप्पांच्या नादात दोर उलटा जातो आणि कॅम धरतच नाही. उपाय एका सेकंदाचा: चढण्याआधी वरचा दोर जोरात ओढून बघायचा. अडला तरच पुढे.

दुसरी चूक, दोर देताना कॅम दाबून ठेवणं. घाईत दोर द्यायचा असेल तर क्षणभर दाबून लगेच सोडायची पद्धत कंपनी शिकवते. तेव्हाही ब्रेकचा दोर त्याच हाताच्या बोटांत असला पाहिजे.

तिसरी चूक, उतरवताना दांडी पूर्ण खेचणं. वेग वाढला की माणूस घाबरतो आणि घाबरलेला हात दांडी आणखी आवळतो. उतरण्याचा वेग दांडीने ठरवायचा नाही, ब्रेकच्या हाताने ठरवायचा. घाबरलं तर दांडी सोडायची.

म्हणूनच या डिव्हाइसना आपोआप थांबणारी म्हणू नये. ती ब्रेकला मदत करणारी आहेत. ब्रेक म्हणजे शेवटी हातच. ट्यूब असो वा ग्रीग्री, ब्रेकचा हात दोरावरून उठायचा नाही. मोबाइल वाजला तरी नाही, फोटो काढायचा असला तरी नाही.

सोबतचा कॅराबिनर

डिव्हाइसवर हजारो घालून कॅराबिनर मात्र हाती येईल तो, असं होऊ नये. पेरच्या आकाराचा, लॉक होणारा कॅराबिनर घ्यावा. त्यात दोराला फिरायला जागा मिळते. तो हार्नेसच्या बिले लूपमध्येच अडकवायचा. कॅराबिनर आडवा फिरला तर त्याची ताकद बरीच घटते, म्हणून आत छोटी तार असलेले कॅराबिनर मिळतात. ती तार त्याला जागेवरून हलू देत नाही. आणि लॉक फिरवून बंद केलाय का, हे डोळ्यांनी बघायचं आणि दाबूनही बघायचं.

नवं, जुनं आणि नकली

घेताना डिव्हाइसवर सीई चिन्ह आणि ईएन १५१५१ हा मानक क्रमांक आहे का ते बघावं. त्यातला पहिला भाग ब्रेकला मदत करणाऱ्या डिव्हाइससाठी, दुसरा ट्यूबसारख्यांसाठी. यूआयएए या जागतिक संघटनेचं चिन्ह असेल तर आणखी बरं. नावाजलेल्या कंपन्यांच्या हुबेहूब नकला बाजारात येतात. किंमत निम्मी आणि सोबत माहितीपत्रक नाही, अशी वस्तू घेऊ नये. ओळखीच्या विक्रेत्याकडून, पावतीसह घ्यावं.

जुनं डिव्हाइस हातात आलं तर बोट फिरवून बघावं. बदामीच्या वालुकाश्माची बारीक रेव दोरात बसते आणि तो दोर धातूवर पॉलिश पेपरसारखा चालतो. खाचेची कड ब्लेडसारखी धारदार झाली असेल तर ते ट्यूब बाद, कारण तीच कड दोराचं कवच कापते. ग्रीग्रीत कॅम मोकळी फिरते का, परत जागेवर येते का, दोर घासणारा भाग झिजलाय का, दांडीला तडा आहे का, हे पाहावं. उंचावरून कातळावर पडलेलं डिव्हाइस, किंवा ज्याचा इतिहास कुणालाच माहीत नाही असं डिव्हाइस, शोकेसमध्ये ठेवावं. दोराला लावू नये.

मुलांना शिबिराला पाठवताना

दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत साहस शिबिरांच्या जाहिराती येतात. पालकांना दोरांमधलं काही कळत नसलं तरी चालेल, पण चार गोष्टी लांबूनही दिसतात. खाली दोर धरणाऱ्याच्या कमरेला डिव्हाइस आहे का, की दोर नुसताच हातात आहे? त्याचा एक हात सतत दोरावर आहे का? मूल चढण्याआधी कुणी त्याची गाठ आणि हार्नेसचं बक्कल तपासतं का? आणि एकाच माणसावर एकाच वेळी दोन दोरांची जबाबदारी तर नाही ना? यातलं एकही उत्तर मनासारखं नसेल तर विचारायला संकोच करू नये. चांगला प्रशिक्षक अशा प्रश्नाने चिडत नाही.

मग घ्यायचं कोणतं?

नवशिक्यांनी आधी ट्यूबवर शिकावं, पण अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली. म्हणजे तो स्वतः शेजारी उभा राहून दोराचं मोकळं टोक हातात धरील, अशा पद्धतीने. ट्यूबवर ब्रेकच्या हाताची शिस्त अंगी मुरते आणि पुढे कोणतंही यंत्र आलं तरी ती उपयोगी पडते. क्लबचं ट्यूब वापरायला मिळत असेल तर विकत घेण्याची घाई नको.

बदामी किंवा कृत्रिम भिंत हाच मुख्य बेत असेल, तर पहिली मोठी खरेदी ब्रेकला मदत करणाऱ्या डिव्हाइसची करावी. पैसे जपून खर्च करायचे असतील तर फिरता भाग नसलेलं घ्यावं. ऐपत असेल आणि नेहमी जाणं असेल तर ग्रीग्री.

सह्याद्रीचे सुळके, लांब मार्ग, दोन दोरांचं रॅपलिंग हे ध्येय असेल तर गाइड ट्यूब. एकच घेऊन सगळीकडे फिरायचं म्हटलं, तर तेच सगळ्यात जास्त ठिकाणी चालतं. दोन्हीकडे नियमित जाणाऱ्यांच्या हार्नेसला शेवटी दोन डिव्हाइस लटकलेली दिसतात, आणि त्यात उधळपट्टी काही नाही.

खरेदीनंतर पहिले दोन-तीन दिवस जमिनीवर घालवावेत. आपलाच दोर, आपलंच डिव्हाइस, आपलाच जोडीदार. दोर द्यायचा, घ्यायचा, अडवायचा, उतरवायचा, डोळे मिटूनही जमेपर्यंत. कातळावर गेल्यावर प्रत्येक चढाईआधी जोडीदाराने जोडीदाराला तपासावं: बक्कल, गाठ, डिव्हाइस, कॅराबिनरचं लॉक. आणि दोराच्या मोकळ्या टोकाला एक गाठ मारावी. साठ मीटरचा दोर तीस मीटरच्या मार्गाला जेमतेम पुरतो. उतरवताना टोक संपून डिव्हाइसमधून निसटलं तर जगातलं कुठलंच डिव्हाइस ते धरू शकत नाही. ती एक गाठ धरू शकते.